रोज पाहणारं माणूस

“नो नो मॅडम, शी इज परफेक्टली फाइन,” रविकांत म्हणाला, आणि चहा गाळता गाळता शुभदाचा हात थांबला.

फोन टेबलावर होता, स्पीकरवर. पलीकडे डिसॅबिलिटी बेनिफिटच्या, म्हणजे आजारपणाच्या सरकारी भत्त्याच्या, ऑफिसातली बाई. आवाजाने मऊ, कामाला पक्की. शुभदाचा अर्ज तिच्यासमोर होता. भीतीचा आजार आहे, घराबाहेर पडता येत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतंच. पण डॉक्टर बोलणार महिन्यातून एकदा, तेही फोनवर. घरात रोज पाहणारं माणूस काय म्हणतं, ते त्या बाईला ऐकायचं होतं.

“त्या एकट्या बाहेर जातात का?” बाईने इंग्रजीत विचारलं.

“येस येस. ग्रोसरी, टेंपल, एव्हरीथिंग.”

ग्रोसरी म्हणे! दोन वर्षांत शुभदाने दुकानाची पायरी पाहिली नव्हती. कॅनडातल्या किचनर शहरात एका फार्मसीत ती गोळ्यांच्या बाटल्या भरायची. चांगली हसतीखेळती बाई. एका सकाळी ट्रामच्या स्टॉपवर छाती अशी धडधडायला लागली, की आता इथेच मरते असं तिला वाटलं. अँब्युलन्स आली, तपासण्या झाल्या, हार्ट ठणठणीत निघालं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग स्टॉप सुटला, मग नोकरी, मग गाडीत बसणं, आणि शेवटी तर पोर्चवरचं पार्सल आत घ्यायलाही पाय उचलेना.

हे सगळं पाहिलं कोणी? रविकांतनेच. दाराशी ती घामाघूम होऊन उभी राहायची, तेव्हा खाली वाकून तिचे बूट तोच काढायचा. ‘राहू दे आज, उद्या बघू,’ म्हणायचा. आणि तोच माणूस आता फोनवर तिला देवळात फिरवून आणत होता.

“वन मिनिट, मॅडम.” तिचा चेहरा पाहून त्याने फोन म्यूट केला.

“अहो, हे काय सांगताय तुम्ही?”

“तू मध्ये बोलू नकोस. ऑफिसरपुढे रडगाणं गायचं नसतं. इथे कायम राहायला पीआर काढला, तेव्हा कन्सल्टंटने काय पढवलं होतं? सगळं उत्तम आहे म्हणायचं. त्यावरच आलो ना इथे?”

“तेव्हा यायचं होतं. आता सिटिझन होऊनसुद्धा जमाना झाला. आता कोण हाकलतंय आपल्याला?”

“एकदा रेकॉर्डला मेंटल लागलं की लागलं. आपल्या अनुयाचं लग्न ठरतंय. मुलाकडच्यांच्या कानावर गेलं म्हणजे?”

“ऑफिसवाले काय त्यांना फोन करून सांगणार आहेत?”

“मग काय करू? माझी बायको वेडी आहे, असं माझ्या तोंडाने सांगू?”

झालं. पीआर, कन्सल्टंट, लग्न, सगळं वरवरचं होतं. आतलं हे होतं. बूट काढताना हा माणूस मनात हाच शब्द धरून वाकत होता. केसाने गळा कापतात म्हणतात तो असा. शुभदाला पैसे हवेच होते, बारीकसारीक गोष्टीला नवऱ्याच्या तोंडाकडे बघणं तिला आता सोसत नव्हतं. पण त्याहून जास्त एक हवं होतं. कोणीतरी अधिकाराने म्हणावं, की या बाईला आजार आहे, ही नाटकं नाहीत.

तिने हात पुढे करून म्यूट काढलं.

“मॅडम, मी शुभदा. माझे मिस्टर म्हणाले ते खरं नाही. मी कुठेही जात नाही.”

सबंध संसारात नवऱ्याला परक्यासमोर खोटं पाडायची ही तिची पहिली वेळ. रविकांतने जॅकेट घातलं, किल्ली उचलली आणि तो निघून गेला. दार आपटलंही नाही, नीट ओढून घेतलं.

ती मागे धावली. दारापर्यंतच. दाराच्या मुठीवर हात ठेवला मात्र, ती फिरवणं काही जमेना. भिंतीला धरून ती परत टेबलाशी आली.

“हॅलो? तुम्ही आहात ना?” बाई विचारत होती. मग ती सावकाश म्हणाली, “तुमचं आणि त्यांचं म्हणणं जुळत नाहीये. तुम्हाला बाहेर पडता येत नाही, हे पाहिलेलं आणखी कोणी आहे का? मैत्रीण, शेजारी, मुलगी, कोणीही चालेल.”

शुभदा आठवू लागली. मराठी मंडळातल्या लताला सांगितलं होतं, गुडघे धरलेत. ती बिचारी तेल पाठवायची. दूर सस्काटून शहरात नोकरी करणाऱ्या मुलीला, अनुयालाही गुडघेच सांगितले होते. शेजारच्यांनाही तेच. ‘उगाच बोभाटा नको,’ असं रविकांत म्हणाला होता, आणि तिनेही मान डोलावली होती. त्याला कळतंय ना, मग जगाला कशाला, असं तिला तेव्हा खरंच वाटलं होतं.

खिडकीबाहेर ड्राइव्हवेवर गाडीपुरता कोरडा चौकोन उरला होता. त्यावर बर्फ पडायला लागलं होतं.

“मॅम?” बाई थांबून होती.

“नो,” शुभदा म्हणाली. “ओन्ली माय हजबंड.”