सोळा चौकोन आणि एक उजवा हात

मित्रांनो, मी एक जुनी बीट मशीन आहे. बहुतेकांना मी कोण हेच ठाऊक नसतं, म्हणून आधीच सांगते. जेवणाच्या ताटाएवढी माझी पेटी, तिच्यावर रबराचे सोळा चौकोन. एका चौकोनावर बोट मारलं की ढोलाचा जाड ठोका निघतो, दुसऱ्यावर थाळीची किणकिण, तिसऱ्यावर टाळी. गंमत अशी की सगळं एकदम वाजवावं लागत नाही. आधी जाड ठोके वाजवायचे, मी ते धरून ठेवते आणि फिरवत राहते. मग त्यांच्यावर किणकिण चढवायची, मग टाळ्या. असा थरावर थर देत एकटा माणूस पूर्ण ठेका बांधू शकतो. त्याला एक हात पुरतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या एका हाताचंच आहे.

कारखान्यात एका बाईने माझे सोळाही चौकोन बोटाने दाबून पाहिले आणि मान डोलावली. पहिला मालक तरुण होता. त्याने मला डोक्यावर घेतलं, मित्रांना बोलावून बोलावून दाखवलं. मग घरात संगणक आला आणि मी पलंगाखाली गेले. तिथून एका दुरुस्तीवाल्याच्या फळीवर. तोवर माझा तेरावा चौकोन मुका झाला आणि पडद्यावरची अक्षरं पुसट झाली. पण ती रडगाणी आज नकोत. मला सांगायचं आहे ते ड्रमकाकांबद्दल.

ड्रमकाका नाचाच्या शाळेत तीस वर्षं ड्रम वाजवत होते. मुलींनीच त्यांना हे नाव ठेवलं. एके दिवशी वाजवता वाजवता डाव्या हातातली काठी गळून पडली. अर्धांगवायूचा झटका होता. काका वाचले, चालू लागले, पण डावा हात मांडीवर पडून राहिला. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, "कधीकधी विसरायला होतं अशा पेशंटना. लक्ष ठेवा." दार नीट लागलं नव्हतं. काकांनी ते ऐकलं. ऐकलं हे मात्र त्यांनी काकूंना कधी सांगितलं नाही.

शाळेच्या बाई भल्या होत्या. "तीन आठवड्यांनी मुलींची परीक्षा आहे, काका. तोवर काही जमलं तर तुम्हीच. नाही जमलं तर मी मोबाईलवर गाणं लावीन," असं त्या म्हणाल्या. एका हाताने वाजेल असं काही शोधत काका दुरुस्तीवाल्याकडे गेले आणि मला घेऊन घरी आले. दुरुस्तीवाल्याने देताना एवढंच सांगितलं होतं, "सोप्पी आहे हो काका, लहान मूलसुद्धा वाजवेल."

सोपी! पहिले चार दिवस काकांनी मला ड्रमसारखं बडवलं. माझ्या अंगाचा नुसता खुळखुळा झाला. थर चढवायला जावं तर खालचा थर पुसला जायचा. तेराव्या चौकोनावर बोट आपटून आपटून ते चिडायचे, मग त्याला सोडून देऊन शेजारचा वापरायला शिकले. माणूस हट्टी होता. पाचव्या दिवशी, दुपार कलताना, ठेका उभा राहिला. जाड ठोके, त्यांच्यावर किणकिण, मधे एक अडखळल्यासारखी टाळी. ती टाळी म्हणजे खास काकांची खूण. मला वाटलं, आपलं नशीब उघडलं. माझ्या या मोडक्या पेटीत इतकं सुंदर काही कधी वाजलंच नव्हतं.

मग काकांनी माझं बटण बंद केलं, माझ्यावर जुना टॉवेल पांघरला आणि हात धुवायला गेले.

मित्रांनो, मी बंद होण्याआधी एक बटण दाबावं लागतं. ते दाबलं की ठेका माझ्यात जपला जातो. नाही दाबलं तर सगळं पुसलं जातं. हे काकांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यांना सुचणार तरी कसं? ड्रमला वाजवून झाल्यावर झाकतात, बस. काकू घरी शिवणकाम करायच्या. रोज सकाळी त्यांच्या मशीनवरचं कापड काढलं की कालची अर्धी बाही सुईखाली तशीच असायची. काकांना वाटलं, माझ्या पोटातही तसंच असणार.

सकाळी त्यांनी टॉवेल काढला आणि वाजवायचं बटण दाबलं. मी गप्प. पुन्हा दाबलं. मी गप्पच. "काल झालं होतं," ते स्वतःशी पुटपुटले. "झालं होतं ना? की नुसतं मनातच वाजत होतं?"

मला ओरडावंसं वाटलं. अहो काका, तुम्ही नाही विसरलात, मी विसरले! पण कुणी चौकोन दाबल्याशिवाय माझ्यातून आवाज निघत नाही.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतलं. संध्याकाळी बंद, टॉवेल, सकाळी कोरं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. काकांचं जेवण कमी झालं. ते चष्मा कुठे ठेवला हे कागदावर लिहून ठेवू लागले. मला मुद्दाम घासूनपुसून ठेवायचे, जणू माझ्या हातापाया पडत होते. आणि पलीकडे काकू शिवता शिवता थांबायच्या. काल पुरा केलेला ठेका नवरा आज पुन्हा श्रीगणेशापासून बांधतोय हे त्यांना ऐकू यायचं. त्यांना डॉक्टरांचे शब्द आठवायचे, आणि पदराने डोळे पुसून त्या पुन्हा पायाने मशीन चालवायच्या. त्याला विचारलं तर तो खचेल म्हणून ही विचारत नव्हती. हिला सांगितलं तर ती खचेल म्हणून तो सांगत नव्हता. दोघांच्या मधे मी, जिला सगळं माहीत होतं.

सतराव्या दिवशी सकाळी काकांनी मला उघडलं. कोरी. त्यांनी शांतपणे बाईंना फोन लावला. "माझं डोकं आता चालत नाही, बाई. दुसरं बघा काहीतरी." पलीकडून बाई काहीतरी समजावत होत्या. काकांनी फोन ठेवला आणि उजव्या हाताने तोंड झाकून घेतलं.

"अडीच आठवडे बसलो, पण एक ठेका बांधता आला नाही मला," ते म्हणाले.

काकूंच्या हातातलं कापड खाली पडलं. "बांधता आला नाही? अहो, बारा वेळा बांधलात! रोज बांधता, रोज तोच! माझे कान किटले!"

"तोच?"

"तोच." काकूंनी कात्रीच्या मुठीने टेबलावर ठोके दिले. जाड ठोके, मग घाईचे बारीक, मधे ती अडखळलेली टाळी. एकही ठोका इकडचा तिकडे नाही.

काकांचं उजवं बोट टेबलावर तोच ठेका धरू लागलं. "अगं, हा माझाच आहे."

"मग तुमचाच तर आहे! आणि विसरणारा माणूस बारा वेळा तोच ठेका कसा बांधेल हो?" मग दोघांनी एकदमच वळून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे ही विसरते," काका म्हणाले. "मी नाही."

आयुष्यात माझ्यावर एवढा खरा आळ कुणी घेतला नव्हता, आणि तो ऐकून मला एवढा आनंदही कधी झाला नव्हता.

काकू चप्पल सरकवून तडक दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. "बंद करायच्या आधी डावीकडचं खालचं बटण दाबायचं ना, काकू," तो हसत म्हणाला. "नाहीतर सगळं साफ. मी सांगितलं नव्हतं का?"

काकांनी तेराव्यांदा ठेका बांधला. ते बटण दाबलं. एकदा दाबून भागलं नाही, तीनदा दाबलं. सकाळी दोघं माझ्यासमोर उभे राहिले. काकांचं बोट बटणावर येऊन अडलं. मीही घाबरले होते. इतकी वर्षं माझ्यात कुणी काही जपलंच नव्हतं. मला ते जमेल का, हे मलाच माहीत नव्हतं.

ठेका वाजला.

काका खुर्चीत बसले. "आहे," एवढंच म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले. काकूंनी त्यांचा निर्जीव हात आपल्या हातात धरला.

परीक्षेला मोबाईलवरच गाणं लागलं. बाईंनी तोवर मुलींचा नाच त्या गाण्यावर बसवून टाकला होता. पुढच्या वर्गाला मशीन घेऊन या म्हणाल्या आहेत, बघू. काका अजून रोज सकाळी चहाच्या आधी माझं बटण दाबतात आणि "आहे" म्हणतात. जपलेला ठेका सांभाळणारी माझी आतली बॅटरी म्हातारी झाली आहे. एखाद्या सकाळी मी पुन्हा कोरी निघेन ही धास्ती मला रोज असते. पण निघालेच, तर या वेळी काका मला बोल लावतील, स्वतःला नाही.

मित्रांनो, मला पुसा, झाका, माझी बॅटरी बदला, एवढं माझं मागणं आहेच. पण त्याहून मोठं मागणं असं, की घरातलं कुणी मनातून घाबरलेलं दिसलं तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा. ते बारा दिवस मी गप्प होते, कारण मला तोंड नव्हतं. त्या दोघांना होतं.