हातजाळी

आपल्या डोंग्यातून, लहानशा लाकडी होडीतून, मुखरूने मासे काढायच्या लांब दांड्याच्या हातजाळीत अंबिलीची बाटली ठेवली आणि जाळी पाण्यावर धरली. पोहणाऱ्या उर्वशीने पाय मारत बाटली उचलली.

"मासोळीवानी चारून राह्यलो तुमाले, बाई."

"पकडू नका म्हणजे झालं," ती हसली.

बाटली हातात देऊन चालणार नव्हतं. डोंग्यात बसलेल्या रीतामॅडम त्यावरच लक्ष ठेवायला आल्या होत्या. पोहणाऱ्याला कोणाचा हात लागला, की पोहणं तिथेच बाद. ही मुलगी मार्कंड्याहून चपराळ्याच्या संगमापर्यंत एकटी पोहत गेली, तरच पत्रकार तिथे येणार होते. रेतीसाठी खणून ठेवलेल्या नदीबद्दल ती काय सांगते ते ऐकणार होते. मुखरूला एवढंच कळलं होतं. एवढ्यासाठीच त्याने डोंगा काढला होता.

दुपार कलली. एका वळणावर मुखरूचा बांबू तळाला टेकेना, तसं त्याने वल्हं घेतलं. त्याचं बोलणंही थांबलं.

उर्वशी थकली होती. हात पसरून ती पाठीवर पडली. डोळे मिटलेले, तोंड आभाळाकडे. पाणी नेईल तशी जात राहिली.

डोंगा एकदम कलला. मुखरूने वाकून तिचं मनगट धरलं होतं आणि तो जिवाच्या आकांताने ओढत होता.

"भाऊ, सोडा! विसावा घेतेय ती!" रीतामॅडम ओरडल्या.

उर्वशीने डोळे उघडले. मुखरूने हात सोडला, पण बोटं तशीच वळलेली राहिली.

रीतामॅडमनी गळ्यातली शिट्टी ओठांशी नेली, खाली घेतली. मग वाजवली.

"इथी गुडघाभर पाणी राहे," मुखरू पाण्याकडे पाहत म्हणाला. "माही लेक खुशबू इथूनच चालत मावशीकडे जाये. त्या दिवशी बी तशीच निघाली. वाट तेच होती, बाई. खालची रेती नव्हती."

वल्हं त्याच्या मांडीवर आडवं पडलं होतं.

"सापडली तं अशीच होती. तोंड वर करून."

मुखरूने वल्हं पुन्हा उचललं.

"तुमचं सारं मीच बुडवलं. या, डोंग्यात या."

उर्वशी पालथी झाली आणि पुन्हा हात मारू लागली.

"उर्वशी, आता पुढचं पोहणं मोजलं जाणार नाही," रीतामॅडम म्हणाल्या. "पत्रकारांनाही मला कळवावं लागेल."

"कळवा ना."

ऊन पिवळं झालं. मुखरूने सवयीने जाळीत केळं ठेवलं आणि दांडा लांब केला. उर्वशीने जाळी कोपराने बाजूला सारली. डोंग्याजवळ येऊन तिने हात वर केला.

"आता हातानंच द्या, भाऊ."

मुखरूने केळं सोललं. लेकराला देतात तसं अर्धं मोडलं आणि तिच्या ओल्या हातावर ठेवलं.