बिनपायांची कोंबडी

मी एक जुना गालिचा आहे, असे या घरात सगळेच म्हणतात. मित्रांनो, तुमच्यापासून कशाला लपवू? मी जुना नाही. मला जुने केले आहे. वयाने तुम्ही कदाचित माझ्याहून मोठे असाल.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. खोलीला एकच खिडकी, आणि भिंतीला टेकून छतापर्यंत उंच माग. मागापुढच्या फळीवर दोघी बसत: उजवीकडे आई, डावीकडे तिची एकुलती एक लेक. आई तिला लाडाने ठमी म्हणे. मी आधी मेंढीच्या अंगावरची लोकर होतो. मला धुतले, पिंजले, कातले, रंगात बुडवले आणि मग ताण्याच्या उभ्या दोऱ्यांवर एकेक गाठ घालून या दोघींनी मला वाढवले. एक ओळ भरली की लोखंडी पंजाने ती ठोकून बसवायची. त्या ठोक्यांवर ठमीचे गाणे चाले:

विणिते मी फूल बाई, फुलाला ग वास नाही,
पाय देतील पाव्हणे, फुलाला ग त्रास नाही.

"गाणं कमी, गाठी जास्त," आई म्हणायची.

"माझी गाठ गाण्यावर चालते. तुझी बडबडीवर चालते, म्हणून तुझ्या जास्त होतात."

गालिचा खालून वर वाढतो, रोपासारखा. खालच्या डाव्या कोपऱ्यात नक्षीप्रमाणे एक साधे पान यायचे होते. ठमीच्या मनात आले, इथे कोंबडी काढावी. आता खालून वर विणायचे म्हणजे आधी पाय, मग पोट, मग चोच. पण कोंबडीच्या हौसेत ठमी पायच विसरली. लक्षात आले तेव्हा ओळी ठोकून घट्ट झाल्या होत्या.

"ठमे, हिचे पाय कुठं गेले गं?"

"अंड्यांवर बसलीय ना ती. पाय पोटाखाली आहेत."

"उसव मुकाट्यानं."

"बसलेल्या कोंबडीला उठवू नये, आई. टोचते."

आई इतकी हसली की मनगटाने डोळे पुसावे लागले. कोंबडी राहिली.

लोकरीचा बारीक भुरा त्या खोलीत सतत तरंगत असे. तो ठमीच्या छातीत जाऊन बसला. आधी खोकला आला, मग ताप आला, मग गाणे थांबले. मी अर्धा विणून झालो होतो तेव्हा फळीची डावी बाजू रिकामी झाली. पुढचा सगळा मी एकट्या आईचा. ती माझ्या डाव्या कडेपर्यंत विणत जायची, पण त्या जागेवर बसायची नाही. उजवीकडूनच वाकून, हात लांब करून गाठी घालायची.

मी पुरा झालो आणि व्यापारी आला. लोकर त्याची, माग त्याचा; मला ठेवून घेणे आईच्या हातात नव्हते.

"ताई, हात आहेत की जादू!" तो म्हणाला.

"दादा, एक ऐका. गालिचा कुठंही जाऊ दे. हा कोंबडीचा कोपरा तेवढा सांभाळा. माझ्या लेकीनं आपल्या मनानं काढलेलं एवढंच उरलंय."

"तुमची लेक ती माझी भाची. डोळ्यांत तेल घालून जपतो."

आईने मला स्वतः गुंडाळले, कोपरा आत येईल असा.

मित्रांनो, त्या व्यापाऱ्याच्या आवारात नवे गालिचे म्हातारे करतात. जुन्याला मान फार, आणि जुने तर संपत आलेले. मला भर रस्त्यात पसरले. माझ्यावरून ट्रक गेले, हातगाड्या गेल्या, चिखलाचे बूट गेले. मग चटका बसेल अशा रसायनाच्या पाण्यात भिजवून फावड्यांनी खरवडले. उन्हात टाकले, तेव्हा माझा लाल विटकरी झाला आणि निळा राखेसारखा. पाठीवरून आगीची ज्योत फिरवली. एखाद्या पोराला मारून मारून आजोबा केलेले तुम्ही पाहिले आहे का? मी ते पोर आहे.

तरी कोंबडी टिकली. ठमीच्या गाठी घट्ट होत्या. मला वाटले, निभावले.

मग मोठमोठी घरे सजवून देणाऱ्या एक बाई आल्या. हातातला सोफ्याच्या कापडाचा तुकडा माझ्यावर ठेवून त्यांनी मान तिरपी केली.

"रंग छान उतरलाय. पण फार धडधाकट दिसतो हो. एखादा कोपरा गेलेला असला की कसं, घराण्यातला वाटतो."

"कुठला घालवू?" व्यापाऱ्याने विचारले. चहात साखर किती, असे विचारतात तसे.

बाईंनी बुटाचे टोक टेकवले. "हा. हे काय आहे, बदक?"

"कोंबडी असेल."

"मग तर हाच."

आईचे बोलणे तो विसरला होता असे नाही. "कुणाचा तरी फार जीव होता यावर," असे तो हसत म्हणाला आणि त्याने कात्री चालवली. नंतर कडा जाळून घेतल्या, कापल्याचे कळू नये म्हणून.

सांधलेला गालिचा आणखी जुना दिसतो. म्हणून त्याने आईलाच निरोप धाडला: तुमच्या गालिच्याचं काम आहे, या. आई धुतलेले कपडे घालून, केस विंचरून आली. मला वाटले होते, ती मला ओळखणार नाही. तिने दारातूनच ओळखले. "किती रे वाळलास," असे म्हणत आजाऱ्याच्या कपाळावरून फिरवावा तसा तिने माझ्यावरून हात फिरवला. हात फिरवत फिरवत डाव्या कोपऱ्याशी आली.

"दादा, माझा कोपरा?"

"धुताना गेला, ताई. काय करणार?"

"कडा जळल्यात."

"होतं असं."

"मग तुकडा द्या. असेल तसा द्या."

"कचऱ्याची गाडी सकाळीच गेली की."

आई खाली बसली, सुईने नवे ताणे भरले आणि गाठी घालू लागली. पाय सोडून तिने थेट पोटापासून सुरुवात केली. चोच पुरी झाली तेव्हा व्यापारी डोकावला.

"कोंबडी नको, ताई. साधं विटकरी भरा. आणि जरा ओबडधोबड, जुन्या कुणी ठिगळ लावल्यासारखं."

"एवढ्याशा जागेत कुणाला दिसणार आहे, दादा?"

"मला दिसतंय ना. का दुसरी बाई बोलावू?"

आईने कोंबडी उसवली. उसवताना वरून खाली जावे लागते. आधी चोच गेली, मग डोळा, मग पोट. पाय उसवायचे नव्हतेच.

आता मी एका प्रशस्त दिवाणखान्यात असतो. घरच्या बाई पाहुण्यांना मुद्दाम तो कोपरा दाखवतात. "शंभर वर्षांचा आहे. हे ठिगळ बघा, कुणी किती मायेनं लावलंय!" पाहुणे वाकतात, हात फिरवतात.

"आधी काय होतं इथं?" एकदा एकीने विचारले.

"काही नसेल. साधाच असणार."

मित्रांनो, शेवटी 'आम्हांला जपा' असे सांगायची आम्हा वस्तूंची रीत आहे. पण मला जपून काय करता? मी झिजलो तर माझे कौतुक वाढेलच. जपायचे तर विणणाऱ्या हातांना जपा. त्यांच्या खोलीत वारा येऊ द्या, खोकणाऱ्या पोरीला वेळेवर फळीवरून उठवा. आणि कुणी तुम्हांला 'एवढं सांभाळा' म्हणाले आणि ते तुमच्याने होणार नसेल, तर तोंडावर नाही म्हणा. त्या दिवशी आईला 'नाही' ऐकू आले असते, तर तिने तो कोपरा स्वतःच कापून घरी ठेवला असता.