बाजारात गेलेल्या बायका

"आता काय म्हणाली ती?" आईनं विचारलं.

"सणाला आलेय म्हणाली. चार दिवस राहणार," पद्माकरनं ठोकून दिलं.

पडद्यावरची तुर्की पोरगी कडेवर लेकरू, हातात बॅग घेऊन बापाच्या दारात रडत होती. खाली इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं, मी तिकडे परत जाणार नाही. पण आईला इंग्रजी येत नव्हतं आणि पद्माकरला थापा येत होत्या. सिंगापुरात वन-नॉर्थच्या ऑफिसात नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याला उग्र वासाचा ड्युरियन हा 'इथला फणस' म्हणून चारणारा हा प्राणी! आई व्हिजिट पासवर तोआ पायोहच्या फ्लॅटवर आल्यापासून तर त्याला ऊतच आला होता. ऑफिसातल्या तुर्की मित्रानं सिनेमे दिले होते. रविवारी जेवणं झाली की मायलेक टीव्हीसमोर. आईला ती माणसं आवडायची. पायताण दाराबाहेर काढतात, चहावर चहा ढोसतात, सासवा टोमणे मारतात. "आपलीच की रे!"

पण हल्ली थापांतली मजा गेली होती. महिन्यापूर्वी पुण्यात मीनलनं, त्याच्या धाकट्या बहिणीनं, नवऱ्याचं घर सोडलं होतं. मैत्रिणीकडे राहत होती. "आईला कळू देऊ नकोस हं दादा. मागच्या वेळी तिनंच मला परत पाठवलं होतं." आणि या तुर्कांच्या प्रत्येक सिनेमात कुणी ना कुणी बाई घर सोडूनच निघायची! पद्माकर त्यांना कधी बाजारात धाडायचा, कधी माहेरपणाला.

पडद्यावर बापानं नकारार्थी मान हलवली. पोरगी वाकून काढलेले बूट पुन्हा पायात घालू लागली.

"आणि आता?"

"बाळाला फिरवून आणते म्हणतेय."

"बॅग घेऊन?"

पद्माकरनं टीव्हीचा आवाज वाढवला.

"थांबव ते. पद्या, तीन रविवार बघतेय मी. एवढ्या बायका बाजारात जातात, एक मेली भाजी घेऊन परत येत नाही. मीनल कुठंय?"

"घरी..."

"कुणाच्या? महिनाभर व्हिडिओ लाव म्हटलं की रेंज नाही म्हणते."

मग सांगितलं त्यानं. पदरचा एक शब्द न घालता.

"त्या बापासारखंच मीही म्हटलं होतं तिला," आई म्हणाली. "दोन दिवस राहा आणि जा. वर शहाणपणा केला असं वाटलं होतं. लाव फोन."

त्यानं स्पीकरवर लावला.

"मीनल, खालच्या कानिटकरांकडे आपल्या घराची किल्ली आहे. आजच जा राहायला. सिलिंडर बंद करून आलेय, तेवढा चालू कर. तांदूळ निळ्या डब्यात."

पलीकडून मीनलचा आवाज आला.

"आणि तू परत आल्यावर गं?"

"मी आले की बेल वाजवीन," आई म्हणाली. "तू दार उघड."