कच्च्या दुधाचा पेला

“कच्चं दूध पिते का ही?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“न्हाई वो!” पोरीची आई राजमती म्हणाली. “आमच्या जैनांत धार काढली की दोन घटकंच्या आत दूध तापवत्यात. नेमच हाय तसा.”

बाईंनी भाग्यश्रीकडं पाहिलं. सात वर्षांच्या पोरीनंही नाही म्हणून मान हलवली. बाईंनी कागदावरच्या त्या ओळीवर काट मारली. शेजारी तिचा बाप तवनाप्पा मूग गिळून बसला होता.

धडधाकट पोर तीन महिन्यांपूर्वी एकाएकी लंगडायला लागली. कुणी म्हणालं मुरगळलं, कुणी म्हणालं वाढीचं दुखणं. मग प्लास्टर, मग सलाईन, मग मांडीच्या हाडातून सुईनं काढलेला पू. मिरजेच्या या बाई चौथ्या. हाडात जंतू आहे, पण नेहमीचा नव्हे. कुठला ते कळल्याशिवाय औषध लागू पडायचं नाही, असं त्या सांगत होत्या. एस.टी.चे धक्के खाऊन तवनाप्पा इतका थकला होता की हल्ली त्याला रडूही येत नव्हतं.

रोज संध्याकाळी गोठ्यात तो म्हशीच्या धारेखाली पेला धरायचा आणि फेसाळ दूध पोरीला पाजायचा. त्याच्या बापानं त्याला असंच पाजलं होतं. अंगी लागतं म्हणे! राजमती नेमाची पक्की, म्हणून “अव्वाला सांगू नगंस” एवढी ताकीद. दूधच ते, दारू थोडीच होती?

राजमती औषधाच्या रांगेत गेली. तवनाप्पानं पोरीला कडेवर घेतलं. तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं.

“अण्णा, मी सांगितलं न्हाई. जाड सुई टोचली तवा बी न्हाई.”

शाबासकीसाठी ती त्याच्याकडं बघत राहिली. तवनाप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोर सुया सोसत होती, आणि हा बायकोच्या रागाला भिऊन गप्प.

राजमती आली. “चला, साडेचारची गाडी गावंल.”

“थांब. आत जायाचं हाय.”

“आवं, आता काय ऱ्हायलं?”

तो तसाच आत शिरला. समोर दुसरा पेशंट होता, तरी बोललाच.

“बाई, ती काट खोडा. मी पाजत हुतो. कच्चंच, रोज. म्हस गाभडली, मेलेलं वासरू पडलं, त्याच्यामागनं बी पाजलं.”

बाईंनी पेन उचललं. “बरं झालं सांगितलंत. असल्या दुधातनं येणाऱ्या जंतूची तपासणी वेगळी असते.”

राजमती दारात उभी होती. पुढं होऊन तिनं त्याच्या कडेवरची पोर आपल्याकडं घेतली. तवनाप्पाचे हात तसेच वाकलेले, रिकामे राहिले.