वाळवी आणि खवलेमांजर

"थांब सुजय! औषध मारू नको!"

पंप पाठीला लावून मी वारुळाशी वाकलो होतो, तोच तुळसाकाकू पडवीतून धावत आल्या. कमाल आहे! वाळवी मारायला मला त्यांनीच देवरूखहून बोलावलं होतं.

"आता काय झालं?"

"अरे, काल दिवेलागनीला इथं खवलेमांजर आलंवतं. वारूळ उकरून वाळवी खाईत व्हतं. मला बघून गोळा झालं, फनसासारखं. आता जंगलखात्याचा अजिंक्य फोनवर म्हनतो, औषध मारलंत तर ती वाळवी खाऊन ते पन मरंल. थोडीच उरलीत म्हनं."

"आणि देव्हारा?"

काकूंचे यजमान सखारामकाका मुंबईत सुतारकाम करायचे. जन्मभर लोकांची कपाटं केली, स्वतःच्या घरासाठी केला तो एवढा एक आंब्याच्या लाकडाचा देव्हारा. तो बसवला आणि त्याच वर्षी काका गेले. आता याच वारुळातली वाळवी भिंतीतून शिरून त्याचे पाय पोखरत होती. वारूळ राहिलं तर देव्हारा जाणार, हे मी काकूंना आधीच सांगितलं होतं.

माझं डोकं चालेना. वाळवी मारणं हा माझा धंदा. तिच्या नावानं आजवर कुणी हळहळलं नाही. पण तिच्यावर जगणारं ते जनावर जपायचं, म्हणजे वाळवीही जपायची? मग काकूंनी कुणाचं काय घोडं मारलंय?

"वाळवी काय, करोडोंनी आहे," मी चिडून म्हणालो. "ते मांजर मोजकंच. म्हणून सगळ्यांना त्याचा पुळका."

"हे तर एकच व्हते रे," काकू म्हणाल्या. "तेव्हा कुटल्या खात्याचा फोन नाय आला."

मी पंप उतरवला. "तुम्ही सांगाल तसं करतो, काकू."

"मला तरी कुटं कळतंय!" त्या रडवेल्या झाल्या. वारुळाकडे बघत राहिल्या, मग घराकडे. "काल कसं घाबरून गोळा झालंवतं... नको मारू. ऱ्हाऊ दे."

त्या आत गेल्या. मी हात धुऊन निघणार, तर आतून हाक आली, "जरा हात लाव रे." देव स्टीलच्या ताटात मांडून कोनाड्यात ठेवले होते. रिकामा देव्हारा आम्ही दोघांनी परसात आणला. पायांचा भुगा वाटभर सांडला.

काकूंनी देव्हारा पदरानं चारी बाजूंनी पुसला, कळसावरची जळमटं काढली, आणि मग वारुळाला टेकून ठेवला.