बारा ते चार

आनंदीने आठवी खुर्ची उचलून पडवीच्या कोपऱ्यात नेली आणि तिच्या पाठीवर चिकटवलेली नावाची चिठ्ठी नखाने खरवडून काढली. सकाळीच कुडाळहून फोन आला होता, बाबांचं प्रेशर वाढलंय, यंदा नको. उरल्या सात खुर्च्या. अकरा वर्षांपूर्वी देवबागेतल्या शिवाच्या, तिच्या नवऱ्याच्या नौदलातल्या सोबत्याच्या, घरची हीच पडवी सव्वीस खुर्च्यांना पुरत नव्हती. तेव्हाही त्यात तिची स्वतःची खुर्ची नसायची, कारण तिला बसायला फुरसत कुठे होती?

तळेऱ्याहून पहिल्या एसटीने ती निघाली होती आणि वाटेत दोन गाड्या बदलताना एकच वाक्य घोकत होती : पुढच्या वर्षापासून माका जमाचा नाय. वाक्य साधंच होतं. तीस वर्षं शाळेत पोरांना गप्प बसवलेल्या बाईला ते जड जाऊ नये. पण जात होतं.

हे काम तिच्या गळ्यात कोणी बांधलं नव्हतं, हा त्यातला खरा घोळ. तिचा नवरा हरिश्चंद्र पंधरा वर्षं नौदलात होता. एकाच जहाजावर नोकरी केलेल्या जिल्ह्यातल्या सगळ्यांना दरवर्षी नौदल दिनाला, चार डिसेंबरला, जमवायचं ही त्याचीच टूम. तो गेला तेव्हा तेराव्याला सगळे आले, जेवले, आणि आता कसं व्हायचं म्हणून एकमेकांची तोंडं बघत बसले. आनंदीच म्हणाली, या वर्षापुरतं मी बघते. त्या वर्षाला अकरा वर्षं झाली.

बघायचं म्हणजे काय, ते बघणाऱ्यालाच ठाऊक. मंगेश परबांना कानाने कमी, म्हणून त्यांना एकाच गोष्टीसाठी तीनदा फोन. कोणाच्या सुनेची समजूत काढायची, कोणाचं मीठ बंद, कोणाला कमोडशिवाय चालत नाही. त्यात यंदा चार डिसेंबर नेमका मार्गशीर्षातल्या गुरुवारी आला. निम्मे म्हणाले, तारीख बदला, गुरुवारी मासे खाणार नाही. निम्मे म्हणाले, तारीख बदललीत तर आम्ही येणार नाही. शेवटी दोन चुली पेटल्या, एकीवर बांगड्याचं तिखलं आणि दुसरीवर काळ्या वाटाण्याचं सांबारं, आणि दोन्हींच्या मध्ये आनंदी.

हरिश्चंद्र जहाजावरच्या गोष्टी सांगायचा, त्यातली एक तिच्या मनात रुतून बसली होती. जहाजावर पहाऱ्याची वॉच चार-चार तासांची. पुढचा माणूस पाव तास आधीच येतो, शेजारी उभा राहतो, काय चाललंय ते समजून घेतो आणि म्हणतो, माझ्याकडे. तो येईपर्यंत आधीच्याने जागा सोडायची नाही, पाय मोडला तरी. म्हणून आनंदी अकरा वर्षं वाट बघत होती की यातलं कोणीतरी येऊन शेजारी उभं राहील. कोणी आलं नव्हतं. एवढी शिस्तीची माणसं, आणि एकालाही कळू नये? तिला त्यांचा मनापासून राग यायचा, आणि फोनवर त्यांचा म्हातारा आवाज ऐकला की त्या रागाची लाज वाटायची.

अकरापर्यंत सगळे जमले. हजेरी झाली. वहीतली सव्वीसही नावं वाचायची हा नेम. गेलेल्याच्या नावाला ओ कोणी द्यायची नाही, नुसतं थांबायचं आणि पुढे जायचं. आता थांबण्यातच जास्त वेळ जात होता.

जेवणं होत आली तशी आनंदीने घसा खाकरला. तेवढ्यात मंगेश वाटी पुढे करून म्हणाले,

"वयनी, पुढच्या वर्षाक सोलकढी जरा कमी आंबट होवंदे."

सगळे हसले. तिने वाटी भरली आणि आत निघून गेली.

थोड्या वेळाने पडवी निजली. सातांतले सहा जण बसल्या जागी पेंगत होते. गुरुदास तर बाकड्यावर आडवे होऊन घोरत होते. जागे होते ते फक्त भिकाजी, सगळ्यांत वडील, चौऱ्याऐंशीचे. काठी टेकत ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. आनंदी उरलेला भात काढत होती.

"दमलात, वयनी."

एवढ्यानेच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने सगळंच सांगून टाकलं, हरिश्चंद्राची ती गोष्ट, आणि आपण कशाची वाट बघत राहिलो तेही.

"अकरा वर्सां उभी आसंय, भावजी. एक जरी बाजूक येवन उभो रवलो असतो..."

भिकाजींनी मान हलवली.

"हरीन तुमका अर्धाच सांगल्यान," ते म्हणाले. "येणारो खाली निजलेलो असता. त्याका काय सपान पडता? वॉचवरलो माणूस त्याका उठवूक धाडता. उठवल्याबिगर कोण येणा नाय. तुमी कोणाक उठवूकच नाय, वयनी. आमका वाटला, तुमका ह्यात बरा वाटता."

आनंदीने चमचा खाली ठेवला. कोणीतरी येईल म्हणून ती थांबली होती, आणि ते सगळे, ही हाक मारील म्हणून. हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा, तिला कळेना.

"कोणाक उठवू?"

"हरीच्या मागसून कोण, ता तुमका म्हायत आसा."

होतं ठाऊक. बारा ते चार हरिश्चंद्र, चारला गुरुदास. कितीही हाका मारा, गुरुदास उठायचा नाही, पायाचा अंगठा ओढावा लागायचा, हे हरिश्चंद्र शंभरदा सांगून शंभरदा हसला होता.

तिने पदराला हात पुसले आणि वही घेऊन ती भिकाजींबरोबर पडवीत आली. गुरुदास सगळ्यांत धाकटे, एकोणसत्तरचे. देवगडला हापूसची बाग सांभाळणारे, गुडघे अजून शाबूत. तिने हाक मारली. पुन्हा मारली. घोरणं तसंच चालू. भिकाजींनी तोंड समुद्राकडे फिरवलं. आनंदी वाकली आणि तिने अंगठा ओढला.

"उठलो, उठलो."

गुरुदास मिटल्या डोळ्यांनीच उठून बसले आणि पायाने चपला चाचपू लागले. मग डोळे उघडले. पुढ्यात वही घेतलेली हरिश्चंद्राची बायको. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार. त्यांनी घड्याळ पाहिलं, वही पाहिली, पाठमोरे भिकाजी पाहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला. सदऱ्याची वरची दोन बटणं लावून ते तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"काय काय आसा?"

आनंदीने एकेक पान उलटून सांगितलं. मंगेशभावजींना तीन फोन. दोघांचं मीठ बंद. कुडाळला संध्याकाळी चौकशी करायची. आता चारला चहा, तिघांचा बिनसाखरेचा. त्यांनी मध्येच दोनदा विचारून घेतलं, मग हात पुढे केला.

"माझ्याकडे, वयनी. तुमी जावा."

घोकलेलं वाक्य तिला म्हणावंच लागलं नाही. पण जायचं कुठे, हे काही तिला सुचेना. शेवटी ती कोपऱ्यातल्या त्या आठव्या खुर्चीत जाऊन बसली आणि तिने भिंतीला डोकं टेकलं.

चारला चहा झाला. तो कोणी केला, बिनसाखरेचा कोणाकोणाला दिला, हे तिला कळलं नाही. तिला कोणी उठवलं नाही.